जुन्या फोनचं अपडेट: आधी काय वाचायचं, मग काय दाबायचं

राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला मोबाईलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "याला आता अपडेट येत नाही, नवीन घ्या." हे बऱ्याचदा अर्धंच खरं असतं. फोनमध्ये अपडेट नावाची एकच गोष्ट नसते. चार प्रकारची अपडेट्स चार वाटांनी येतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी संपते. त्यातलं कुठलं थांबलंय आणि कुठलं चालू आहे, हे कळल्याशिवाय फोन ठेवायचा की बदलायचा हे ठरवू नये. या गोंधळापायी कुणी चांगला चालणारा फोन टाकून पंधरा-वीस हजार खर्च करतो, तर कुणी तीन वर्षं पॅच (सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारं छोटं अपडेट) न मिळालेल्या फोनवर अख्ख्या घराचं बँक खातं चालवत राहतो. यातल्या दुसऱ्या माणसाची काळजी आम्हाला जास्त वाटते.

तारखा कागदावर उतरवा

सेटिंग्ज उघडा आणि अगदी खाली ‘अबाउट फोन’मध्ये जा. सॅमसंगमध्ये त्याच्या आत ‘सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन’ आहे. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये वरच मोठा चौकोन दिसतो. विवो, ओप्पो, रिअलमीमध्ये ‘व्हर्जन’ नावाची ओळ शोधा. तिथून चार गोष्टी लिहून घ्या: अँड्रॉइडचा आकडा, सिक्युरिटी पॅचची तारीख, गूगल प्ले सिस्टीम अपडेटची तारीख आणि मॉडेल नंबर. मॉडेल नंबर म्हणजे दुकानात सांगतो ते नाव नव्हे. ‘गॅलेक्सी ए52’ हे नाव. ‘एसएम-ए525एफ’ हा नंबर. एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपचे फोन निघालेले असतात आणि अपडेट नंबर पाहून येतं.

अँड्रॉइडचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण चार अपडेट्समध्ये कमी महत्त्वाचा तोच. अँड्रॉइड 12 वर थांबलेला पण परवापर्यंत पॅच मिळालेला फोन हा अँड्रॉइड 13 वर दोन वर्षं पडून असलेल्या फोनपेक्षा सुरक्षित असतो.

खरी पाहायची ती सिक्युरिटी पॅचची तारीख. ही तारीख महिन्याच्या 1 किंवा 5 ची असते, आणि त्यातही अर्थ आहे. 1 तारखेच्या पॅचमध्ये अँड्रॉइडच्या स्वतःच्या त्रुटी बुजवलेल्या असतात. 5 तारखेच्या पॅचमध्ये त्यांच्यासोबत कर्नल (सिस्टीमचा सगळ्यात आतला गाभा) आणि चिप बनवणाऱ्या कंपनीच्या भागातल्याही. या त्रुटी कागदावरच्या नसतात. फेब्रुवारी 2020 च्या पॅचने ब्लूटूथमधली एक त्रुटी बंद केली. ब्लूटूथ चालू असलेल्या अँड्रॉइड 8 आणि 9 च्या फोनमध्ये जवळपास असलेला माणूस तिच्यातून घुसू शकत होता, फोनच्या मालकाने काहीही न दाबता. तो पॅच न मिळालेला फोन एसटी स्टँडवरच्या गर्दीत ब्लूटूथ चालू ठेवून वापरणं म्हणजे आजही तोच धोका पत्करणं.

गूगल प्ले सिस्टीम अपडेट अँड्रॉइड 10 पासून आलं. फोन कंपनीने हात वर केले तरी हे थेट गूगलकडून येत राहतं आणि अँड्रॉइडचे काही आतले भाग ताजे ठेवतं. मात्र कर्नल आणि चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) यांना ते हात लावत नाही. बऱ्याच फोनवर ते आपोआप बसत नाही. त्या ओळीवर बोट दाबा, डाउनलोड होऊ द्या, मग फोन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्याशिवाय तारीख पुढे सरकत नाही, म्हणून अनेकांना ते ‘होतच नाही’ असं वाटतं.

चौथ्या प्रकारचं अपडेट म्हणजे प्ले स्टोअरवरून येणारं: ॲप्स आणि गूगल प्ले सर्व्हिसेस. जुन्या फोनला मिळणाऱ्या बऱ्याच सोयी याच वाटेने येतात. भूकंपाची सूचना हे त्यातलं मोठं उदाहरण. सप्टेंबर 2023 मध्ये ती भारतात सुरू झाली आणि अँड्रॉइड 5 च्या फोनपासून पुढे चालते. कोयनेचे हादरे आपल्याकडे जाणवतात, तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ किंवा ‘लोकेशन’ खाली ती चालू आहे का, हे पाहूनच घ्या. हातातून फोन हिसकावून कुणी पळाला तर स्क्रीन आपोआप लॉक करणारी सोयही अशीच आली, अँड्रॉइड 10 पासून पुढच्या फोनना.

आयफोनवाल्यांना एवढी शोधाशोध नाही. सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. आयओएस 26 साठी आयफोन 11 किंवा त्यापुढचा फोन लागतो; एक्सआर, एक्सएस यांची गाडी आयओएस 18 वर थांबली. ॲपल अशा मागे राहिलेल्या फोनना मधूनमधून फक्त सुरक्षेचं छोटं अपडेट देतं. ते दिसलं की लगेच घ्यावं, ‘नवीन काही दिसत नाही’ म्हणून सोडू नये.

मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची नसते

सेकंडहँड घेताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ‘पाच वर्षं अपडेट’ हे फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. गॅलेक्सी ए53 मार्च 2022 मध्ये आला, चार अँड्रॉइड व्हर्जन आणि पाच वर्षं सिक्युरिटी पॅच या वायद्यावर. तो कुणी 2024 च्या दिवाळीत शिल्लक मालातून स्वस्तात घेतला असेल, तरी पॅच 2027 पर्यंतच. पिक्सेल 8 पासून गूगलने आणि गॅलेक्सी एस24 पासून सॅमसंगने सात वर्षांचा वायदा केला, पण तो त्या मॉडेलपासून पुढे. जुन्यांना मागून लागू झालेला नाही.

सॅमसंगच्या सिक्युरिटी अपडेटच्या पानावर मॉडेलची यादी असते: दर महिन्याला पॅच मिळणारे, तिमाहीला मिळणारे, सहामाहीला मिळणारे. फोन मासिकवरून तिमाहीत घसरला म्हणजे उतरंड सुरू झाली, आणि यादीतच नसेल तर संपलं. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हे पान पाच मिनिटं वाचलेलं बरं. जुना फोन घ्यायचाच असेल तर सरकारच्या संचार साथी ॲपवर त्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून तो चोरीचा किंवा ब्लॉक केलेला नाही ना, हेही बघा. *#06# डायल केलं की नंबर स्क्रीनवर येतो.

अपडेट का थांबतं? चिप बनवणारी कंपनी त्या चिपचे ड्रायव्हर पुढच्या अँड्रॉइडसाठी तयार करून देणं बंद करते, हे मोठं कारण. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत गूगलने चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले, त्यामुळे काम सोपं झालं, पण संपलं नाही. बाकी सरळ खर्चाचा हिशोब.

अपडेटच्या आधी: बॅटरी, जागा, बॅकअप

या क्रमानेच घ्या, कारण जुने फोन अपडेटमध्ये मरतात ते बहुतेक बॅटरीमुळे. तुमचा फोन 25-30 टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल तर ती बॅटरी म्हातारी झाली आहे. आतला विद्युतरोध वाढलेला असतो, प्रोसेसरने एकदम जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद होतो. अपडेट बसताना प्रोसेसर नेमका तसाच जोर मागतो. अशा फोनला आधी बॅटरी घाला, मग अपडेट करा. आयफोनमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ 80 टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायला आली असं समजा. मागचं झाकण किंवा डिस्प्ले कडेने उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. ती चार्जिंगला लावूच नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. सरळ दुकान गाठा.

बॅटरी ठीक असली तरी निदान 60 टक्के चार्ज असू द्या आणि चार्जर लावूनच ठेवा. कव्हर काढा. जाड कव्हरमध्ये फोन तापतो, तापला की स्वतःहून संथ होतो आणि वीस मिनिटांचं काम तासावर जातं.

आता जागा. महिन्याचा पॅच साधारण दोनशे ते पाचशे एमबीचा, अँड्रॉइडचं नवं व्हर्जन दोन ते पाच जीबीचं. फाइलच्या दुप्पट-तिप्पट जागा मोकळी असावी, कारण फाइल उतरवायलाही जागा लागते आणि उलगडायलाही. 32 जीबीच्या फोनमध्ये ती मिळते फक्त व्हॉट्सॲपमधून. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ‘5 एमबीपेक्षा मोठ्या’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेल्या’ असे दोन ढीग वेगळे करून ठेवलेले असतात. मिरवणुकीचे व्हिडिओ, रोजच्या सुप्रभातच्या फोटोंचा थर, तेच भाषण सात ग्रुपवर सात वेळा. एका बैठकीत पाच-सहा जीबी निघतात. त्याआधी त्या ढिगात घरच्या कार्यक्रमाचा एखादा व्हिडिओ नाही ना, हे डोळ्यांनी बघा. गेलेला परत येत नाही.

अपडेट झाल्यावरही 15-20 टक्के स्टोरेज कायम मोकळं ठेवा. स्वस्त जुन्या फोनमधली मेमरी ‘ईएमएमसी’ प्रकारची असते. तिच्यात लिहिण्याआधी जुना मोठा ठोकळा पुसावा लागतो. जागा भरलेली असली की प्रत्येक छोट्या लिखाणासाठी तिला सामान इकडचं तिकडे हलवावं लागतं. ‘फोन हँग होतो’ या तक्रारीमागे खूपदा हेच असतं आणि खापर मात्र अपडेटवर फुटतं.

बॅकअपमध्ये लोक फोटो आठवणीने घेतात आणि बाकीचं विसरतात. ही यादी पुढे ठेवून एकेक तपासा:

1. व्हॉट्सॲपचा चॅट बॅकअप. तो आता गूगलच्या फुकटच्या 15 जीबीतच मोजला जातो. जागा भरली असेल तर बॅकअप चुपचाप अडकतो, म्हणून शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. एन्क्रिप्शनचा पासवर्ड ठेवला असेल तर तो लिहून ठेवा. त्याच्याशिवाय बॅकअप उघडत नाही.
2. फोनमध्ये टाकलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड. फोन रिसेट करायची वेळ आली तर तो आधी हेच खातं मागतो. दुकानातल्या पोरानं पाच वर्षांपूर्वी काढून दिलेलं खातं असेल आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसेल, तर फोन तिथेच अडकेल. आजच पासवर्ड बदलून घ्या.
3. सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर, म्हणजे फोनमधली वेगळं कुलूप असलेली जागा. नेहमीच्या बॅकअपमध्ये ते येत नाही, आतल्या फाइल्स बाहेर काढून ठेवा.
4. ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनसाठी बदलते कोड देणारं ॲप) कोड दुसऱ्या फोनवर घ्या.
5. फोन रिसेट करणार असाल तर यूपीआय लाइट (छोट्या रकमांचं, पिन न लागणारं यूपीआय) आधी बंद करा, म्हणजे त्यातले पैसे खात्यात परत जातील. साधं अपडेट करताना याची गरज नाही.

अपडेट लावणं

दिवस निवडून घ्या. मार्केट यार्डात सौद्याला जायच्या सकाळी किंवा वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला अपडेट लावू नये. रात्री जेवणानंतर, वाय-फायवर लावावं.

मोबाईल डेटावर अडचण येते ती अशी: रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये तीन जीबीचं अपडेट मावत नाही. कोटा संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो आणि डाउनलोड ‘अडकलं’ असं दिसतं. ते अडकलेलं नसतं, मुंगीच्या पावलानं चाललेलं असतं. गगनबावडा, शाहूवाडीकडे रेंज येते-जाते तिथे तर काही फोन पुन्हा शून्यापासून सुरू करतात. घरात वाय-फाय नसेल तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. पण अँड्रॉइड हॉटस्पॉटला मोजून मिळणारा डेटा समजतं आणि अपडेट रोखून धरतं. वाय-फायच्या नावावर दाबून आतल्या सेटिंगमध्ये ‘ट्रीट ॲज अनमीटर्ड’ निवडलं की सुरू होतं.

डाउनलोड झाल्यावर फोन दोनपैकी एका पद्धतीने अपडेट बसवतो. काही फोनमध्ये सिस्टीमच्या दोन प्रती असतात. तुम्ही फोन वापरत असतानाच दुसऱ्या प्रतीवर नवं लिहिलं जातं आणि शेवटी फक्त रीस्टार्ट लागतो. काही बिघडलं तर फोन जुन्या प्रतीवर परत येतो. सॅमसंगने ही सोय 2024 च्या गॅलेक्सी ए55 पासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्याकडचा जुना सॅमसंग बहुधा दुसऱ्या पद्धतीचा. त्यात फोन बंद होऊन निळी किंवा काळी स्क्रीन येते आणि टक्के मोजत एकाच प्रतीवर लिहिलं जातं. या वेळात पॉवरचं बटण दाबायचं नाही. 32 टक्क्यांवर दहा मिनिटं थांबला तरी नाही.

अडकलं तर

*अपडेट आलंय म्हणतात, मला दिसत नाही.* कंपन्या थोड्याथोड्या फोनना सोडत जातात, आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतं. इंटरनेटवरून दुसऱ्या देशाची फाइल आणून टाकायची घाई करू नका. तसल्या सॉफ्टवेअरमध्ये इथल्या सिमचं व्होल्टी (4जीवरून कॉल करायची सोय) चालेलच असं नाही. जिओवर व्होल्टी गेलं की फोनच्या डायलरवरून कॉल लागतच नाहीत.

*‘इन्स्टॉलेशन फेल्ड’ असं येतं.* आधी जागा पुन्हा बघा. मग उतरवलेली फाइल काढून टाकून नव्याने उतरवा. अर्धवट उतरलेली फाइल तपासणीत नापास होते. फोन पूर्वी कधी रूट केला (सिस्टीमचं कुलूप तोडून आत बदल केले) असेल तर मात्र कितीदाही केलं तरी होणार नाही. अपडेट जुनी सिस्टीम जशीच्या तशी आहे का ते तपासतं आणि एका जागी फरक दिसला की थांबतं.

*लोगोवरच थांबलाय.* अर्धा-पाऊण तास थांबा, चार्जर लावलेला ठेवा. मोठ्या अपडेटनंतरचा पहिला स्टार्ट खरंच लांबतो. त्यानंतर व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर दोन्ही दहा सेकंद दाबून ठेवा. आयफोन 8 आणि पुढे: व्हॉल्यूम अप दाबून सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरा. तरी नाही झालं तर आयफोन कॉम्प्युटरला लावून रिकव्हरीत न्या आणि ‘अपडेट’ निवडा. ‘रिस्टोर’ नको, त्याने सगळं पुसलं जातं. सॅमसंगच्या रिकव्हरीत ‘वाइप कॅश पार्टिशन’ने डेटा जात नाही, त्याच्या शेजारचं ‘वाइप डेटा’ मात्र सगळं घेऊन जातं. दोन्ही ओळी एकाखाली एक असतात, सावकाश वाचून निवडा.

हे सगळं करून झालं तरच दुकानात ‘सॉफ्टवेअर मारायला’ द्या. देताना तीन गोष्टी विचारा. डेटा राहील की जाईल? फाइल भारताचीच आहे का? आणि आत्ता फोनमध्ये आहे त्याहून जुनी तर टाकत नाही ना? सॅमसंगच्या बिल्ड नंबरात ‘यू’ किंवा ‘एस’नंतर एक आकडा किंवा अक्षर असतं, त्याच्याहून खालच्या आकड्याची फाइल फोन घेतच नाही, आणि तशी जबरदस्ती करण्यात फोन डेड होतात. ‘जुनं व्हर्जन चांगलं होतं, तेच टाकून द्या’ ही मागणी म्हणूनच बहुतेक वेळा पुरी होत नाही. आयफोनमध्ये तर नवं आयओएस आल्यावर थोड्याच दिवसांत ॲपल जुन्याला मंजुरी देणं बंद करतं.

अपडेटनंतर फोन संथ झाला

पहिले एक-दोन दिवस फोन तापेल आणि चार्जिंग लवकर उतरेल. सगळी ॲप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार करणं, फोटोंची यादी लावणं ही कामं मागे चालू असतात. रात्रभर चार्जरवर, वाय-फायवर ठेवा. तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर पुढचं करा.

ॲप्स उघडताक्षणी बंद पडत असतील तर प्ले स्टोअरवर ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ शोधून अपडेट करा. मार्च 2021 मध्ये याच एका घटकातल्या दोषाने जगभरच्या फोनवर ॲप्स बंद पडत होती आणि लोक बिचारे फोन रिसेट करत बसले होते. स्क्रीन रेंगाळत असेल तर ॲक्सेसिबिलिटीत ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ चालू करा. यासाठी डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण ते चालू असलं की काही बँकांची ॲप्स उघडत नाहीत. ॲक्सेसिबिलिटीच्या वाटेने ती भानगड होत नाही. अमोलेड डिस्प्लेवर हिरवी उभी रेघ उमटली तर ती सेटिंगने जाणारी नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल सांगून विचारा. काही मॉडेल्सना वॉरंटी संपल्यावरही डिस्प्ले बदलून मिळाला आहे.

आणि ‘रॅम प्लस’, ‘व्हर्च्युअल रॅम’ ही सोय 3-4 जीबी रॅमच्या जुन्या फोनवर बंद करून पाहा. ती स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरते, आणि संथ ईएमएमसीवर त्याने फोन आणखीच रेंगाळतो.

नवी सोय माझ्या फोनला का नाही

कधी खरंच हार्डवेअर नसतं. ॲपलच्या एआय सोयी आयफोन 15 प्रोला मिळाल्या आणि साध्या 15 ला नाहीत. प्रोमध्ये 8 जीबी रॅम, साध्यात 6. यावर कुठल्याही अपडेटचा इलाज नाही. कधी हार्डवेअर असतं आणि सॉफ्टवेअरचं कुलूप असतं. भारतात 5जी 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, पण 5जी असलेल्या आयफोनवर ते सर्वांसाठी उघडलं डिसेंबरमध्ये, आयओएस 16.2 सोबत. तुमच्या जुन्या 5जी फोनवर जिओचं 5जी दिसत नसेल तर फोन बदलायच्या आधी प्रलंबित अपडेट सगळी बसवा, मग सिम सेटिंगमध्ये ‘प्रिफर्ड नेटवर्क’ 5जी करा. जिओचं 5जी 4जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालतं, आणि सुरुवातीच्या अनेक 5जी फोनना ते अपडेटनेच कळायला लागलं.

कोल्हापुरात एका सोयीकडे मुद्दाम लक्ष द्यावं असं आम्ही आग्रहाने सांगतो: आपत्तीचा मोठ्या आवाजाचा इशारा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी गाठते, तेव्हा नदीकाठच्या घरांत हा इशारा वेळेत पोचणं फार मोलाचं असतं. सेटिंग्जच्या शोधपेटीत ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ टाका आणि आतली सगळी बटणं चालू करा. जुन्या फोनमध्ये हा मेनूच सापडत नसेल तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप घ्या, मराठी भाषा आणि आपला जिल्हा निवडा, आणि बॅटरी सेव्हरमधून त्याला वगळा. नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि सूचना येतच नाहीत. पावसाळ्याच्या आधी आई-वडिलांच्या फोनवर हे बसून करून द्या.

पॅच थांबलेल्या फोनवर काय ठेवायचं

पॅच सहा महिन्यांच्या आतला असेल तर निर्धास्त वापरा. वर्ष उलटलं असेल तर पैसे त्यावरून उतरवायला घ्या. हा आमचा दंडक आहे, आणि गूगलही 2025 पासून तसंच मोजतं: अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनवर वर्षभरात सिक्युरिटी अपडेट मिळालेलं नसेल तर बँक ॲप्सना दिला जाणारा सगळ्यात वरचा विश्वासाचा शेरा त्या फोनला मिळत नाही.

पैसे उतरवायचे म्हणजे यूपीआय अगदीच सोडायचं असं नाही. मुख्य बचत खात्याचं यूपीआय घरातल्या चांगल्या फोनवर न्या. जुन्या फोनवर दोन-तीन हजारांपलीकडे शिल्लक नसलेलं खातं जोडा, किंवा फक्त यूपीआय लाइट वापरा; तिथे एका वेळी 1000 आणि एकूण 5000 रुपयांचीच मर्यादा आहे. ठेवी, पॉलिसी, शेअर यांची ॲप्स काढून टाका. ब्लूटूथ लागेल तेव्हाच चालू करा.

ब्राउझरचंही वय होतं. क्रोम 139 पासून अँड्रॉइड 10 लागतं, म्हणून अँड्रॉइड 8 आणि 9 चे फोन 138 वरच राहिले. अँड्रॉइड 7.1 च्या आधीच्या फोनवर बऱ्याच साइट ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणतात. त्यामागे जुन्या झालेल्या प्रमाणपत्रांची अडचण असते. पण आधी फोनची तारीख बरोबर आहे का पाहा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. व्हॉट्सॲप अँड्रॉइड 5 च्या आधीच्या फोनवर ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झालं, आयओएस 15.1 खालच्या आयफोनवर मे 2025 मध्ये. शेतकऱ्यांनी ई-पीक पाहणीचं ॲप हंगामाच्या आधी घरीच उघडून, जीपीएस लागतोय ना हे बघून घ्यावं. शेवटच्या दिवशी बांधावर उभं राहून फोन साथ देत नाही हे कळलं तर हाती काही उरत नाही.

अपडेट थांबलेल्या फोनवाल्यांना व्हॉट्सॲपवर ‘अपडेट’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाच्या एपीके (ॲप बसवणाऱ्या) फाइल्स येतात. फोनचं अपडेट कधीही मेसेजमधून येत नाही. ते फक्त सेटिंग्जमध्ये येतं, ॲपचं प्ले स्टोअरमध्ये. चुकून फाइल बसवली गेलीच तर लगेच एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद आहे ना बघा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर 1930 वर फोन करा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

लिनिएजओएससारखं बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून फोन पुढे नेता येतो, आणि काही मॉडेल्सवर ते चांगलं चालतं. पण त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं कुलूप) उघडताना सगळा डेटा पुसला जातो, अनेक बँक ॲप्स उघडत नाहीत, ओटीटीचं चित्र बऱ्याचदा साध्या दर्जावर घसरतं, आणि सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज एकदा उडाला की सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. घरात एकच फोन असेल तर या वाटेला जाऊ नका. दुसरा फोन असेल आणि शिकायची हौस असेल तर जरूर करा.

फोन कुणाला द्यायचा किंवा टाकायचा झाला तर आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करा, मगच रिसेट मारा. उलट क्रमाने केलं तर घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. अगदीच मेलेला फोन कचऱ्याच्या घंटागाडीत टाकू नका, आतली लिथियम बॅटरी दाबली गेली की पेट घेते. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथेच जमा करा.